दुर्गाबाईंचं प्रदर्शन : कामाच्या नोंदी

२७ ऑक्टोबर

फायनल झालं. वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये जुन्या काळच्या अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्यावर प्रदर्शन, १४ जानेवारीला सुरू. तारखेवर मीच अडून बसले, कारण बाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५चा आणि त्याच दिवशी संक्रांत. कमिटीतले काका लगेच म्हणाले, "ताई, संक्रांतीला नागपुरात माणूस घरात राहते का? सगळे गच्चीवर. तुमचं प्रदर्शन पाहाले कोण येऊन राहिलं?" म्हटलं काका, उजेड गेला की पतंगा उतरतात, आपण सहाला उघडू. त्यावर कोणी काही बोललं नाही म्हणजे पास झालं असं मी धरलं.

कामं वाटली. मजकूर माझ्याकडे, ग्रंथपाल मॅडम पुस्तकं आणि जुने अंक काढून देणार, डिझाइन माझी पुतणी करणार (तिच्या कॉलेजच्या सबमिशनमधून वेळ मिळाला तर), आणि पैसे व हॉलची किल्ली काकांकडे. बारा पॅनल, सनबोर्डवर. त्याच्या वर परवडत नाही.

३ नोव्हेंबर

फोल्डर उघडलं आणि डोकं धरून बसले. ग्रुपवर ज्याला जे सापडलं ते त्याने टाकून दिलंय, सुलोचनाबाईंचे फोटो आहेत, ललिता पवारांचे आहेत, एक तर निरूपा रॉय आहे. पांढरी साडी आणि डोक्यावर पदर दिसला की लोकांना सगळ्या सारख्याच वाटतात बहुतेक.

त्यात अजून एक घोळ म्हणजे दुर्गाबाई कामत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (नंतरच्या कमलाबाई गोखले, विक्रम गोखलेंच्या आजी) या दोघींनी १९१३ साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये काम केलं, आई पार्वती आणि मुलगी मोहिनी. आपल्याकडे पडद्यावर आलेल्या त्या पहिल्या बाया. आपल्या दुर्गाबाई तेव्हा आठ वर्षांच्या, मुंबईत सॉलिसिटरच्या घरी, माहेरचं आडनाव लाड. ग्रुपवर कोणीतरी दोघींचं मिळून एकच चरित्र करून टाकलंय, त्या हिशोबाने बाई आठव्या वर्षी पार्वती झाल्या. फोल्डर वेगळं केलं, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं की कामत म्हणजे खोटे नव्हेत.

पण त्यातून पहिल्या पॅनलचं सुचलं. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, म्हणजे १९१३च, तारामती केली अण्णा साळुंके यांनी, म्हणजे पुरुषाने. फाळक्यांना बाई मिळेना म्हणून त्यांनी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारा पोरगा उचलला. आणि १९३२ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीने पहिला मराठी बोलपट काढला तोही हरिश्चंद्राचाच, 'अयोध्येचा राजा', आणि त्यात तारामती कोण, तर झेवियर्समध्ये शिकलेली, दोन मुलांची आई असलेली दुर्गा खोटे. एकच भूमिका आणि मध्ये फक्त एकोणीस वर्षं. दोन्ही नावं शेजारी शेजारी लावायची, वर भाष्य काही नको.

९ नोव्हेंबर

संध्याकाळी मॅडम, पुतणी आणि मी असं तिघींनी 'अयोध्येचा राजा' पाहिला, लॅपटॉप प्रोजेक्टरला लावून. 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची तर प्रिंटच उरली नाही, त्यामुळे आपल्याकडच्या हाती असलेल्या बोलपटांमध्ये हाच सगळ्यात जुना मानतात. पुतणीला वाटलं होतं दहा मिनिटांत झोप लागेल. लागली नाही.

आवाज खरखरतो, कॅमेरा फार हलत नाही, हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे नाटकात उभं राहावं तसे उभे राहतात, गातात मात्र झकास. दुर्गाबाई वेगळ्या दिसतात. त्यांना रंगभूमीची तालीम नव्हती हे पहिल्यांदा उणं वाटलं असेल, पण पडद्यावर तेच कामी आलंय. त्या हात कमी हलवतात. मान ताठ, आणि बोलायच्या आधी अर्धा क्षण थांबतात, तेवढ्या वेळात चेहऱ्यावर आधी येऊन जातं आणि शब्द मागून येतात. राणीपण दागिन्यांनी येत नाही, दागिने उतरवल्यावरही बाई राणीच वाटते, आणि गोष्ट तर सगळी दागिने उतरवण्याचीच आहे.

गाणीही त्यांनीच म्हटलीत. तेव्हा प्लेबॅक नव्हतंच, नटाने सेटवर गायचं, वाजवणारे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कुठेतरी दडून बसलेले. आणि पिक्चर मराठीत आणि हिंदीत दोन्ही होत होता, म्हणजे तोच प्रसंग, तेच रडणं, पुन्हा दुसऱ्या भाषेत. हे सगळं कोल्हापुरात, कारण 'प्रभात' पुण्याला गेली ती त्यानंतरच्या वर्षी.

पुतणी म्हणाली, काकू, ही बाई अ‍ॅक्टिंग करून नाही राहिली, काम करून राहिली. लिहून ठेवलं.

१७ नोव्हेंबर

मीटिंग गरम झाली. काकांचं म्हणणं, प्रदर्शनाचं नाव 'पडद्यावरची आई' ठेवा, लोकांना त्यांची 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई माहीत आहे, लोक त्यासाठी येतील. चूक नाही त्यांचं. 'मुघल-ए-आझम' १९६०चा, बाई तेव्हा पंचावन्नच्या. नवरा बादशहा आणि मुलगा बंडखोर, दोघांच्या कात्रीत सापडलेली बाई, आणि समोर पृथ्वीराज कपूर आवाजाने भिंती हलवून राहिलेत. त्यांच्यापुढे आवाज न चढवता उभं राहायचं सोपं नाही.

पण आई, आई, आई करत गेलं तर बारा पॅनलमधले आठ तेच होतील आणि खरी बाई त्याखाली गाडली जाईल. मी म्हटलं, तुम्ही सांगा, 'वागळे की दुनिया' पाहायचे का? सगळ्यांचे चेहरे खुलले. अंजन श्रीवास्तव, भारती आचरेकर, आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस, १९८८, दूरदर्शन. काका तर त्याचं टायटल म्युझिक तोंडाने वाजवायला लागले. म्हटलं ती मालिका काढली कोणी? दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सने. बाई तेव्हा ८३ वर्षांच्या होत्या. हॉलमध्ये शांतता. काका म्हणाले, "काऊन सांगितलं नाही कोणी आजवर?"

तेच तर सांगायचंय ना. बाईंनी पन्नासहून जास्त वर्षं धंदा केला. नटी म्हणून केला, निर्माती म्हणून केला, जाहिरातपटवाली म्हणून केला. नवरा तरुणपणी गेला, पदरात दोन मुलं, सासरची श्रीमंती ओसरलेली, कमवायला लागणारच होतं, आणि एकदा कमवायला लागल्यावर त्या थांबल्याच नाहीत. नाव ठरलं: 'कामाची बाई : दुर्गा खोटे'. मॅडमना ते नाव जरा खटकलं, धुणंभांडीवाल्या बाईसारखं वाटते म्हणाल्या. मला त्यामुळेच आवडलं.

२४ नोव्हेंबर

घरी लग्न. काही झालं नाही.

१ डिसेंबर

तिसरं आणि चौथं पॅनल लिहिलं, सगळ्यात जास्त मजा यात आली.

त्या काळात स्टुडिओ म्हणजे कारखाना. नट, गायक, सुतार, शिंपी, सगळे मस्टरवर, महिन्याचा पगार, आणि दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही. दुर्गाबाईंचं वेगळंच. १९३२ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात'कडे 'अयोध्येचा राजा' आणि 'माया मच्छिंद्र' केले, की १९३३ मध्ये थेट कलकत्ता, न्यू थिएटर्सकडे देवकी बोस यांचा 'राजरानी मीरा'. १९३४ मध्ये कलकत्त्यातच पण ईस्ट इंडिया फिल्म कंपनीकडे 'सीता', त्यात राम पृथ्वीराज कपूर. मग १९३६ मध्ये परत 'प्रभात'मध्ये, व्ही. शांतारामबापूंकडे पुण्यात 'अमरज्योती', समुद्रावरच्या चाच्यांची राणी, हातात तलवार, पुरुषांना हुकूम सोडणारी. आणि १९३७ मध्ये स्वतःच निर्माती, 'साथी'. जिथे काम बरं तिथे जायचं, पण बांधून घ्यायचं नाही. आज फ्रीलान्स म्हणतात, तेव्हा बाईमाणसासाठी ह्याला काय म्हणत असतील देव जाणे.

'सीता'तला राम तो 'मुघल-ए-आझम'मधला अकबर, हेही टाकलं. सव्वीस वर्षांनी तीच जोडी, पुन्हा नवरा-बायको, पुन्हा नवऱ्याच्या कर्तव्यापायी बायकोचे हाल.

काकांनी मजकूर वाचला आणि म्हणाले, मुंबईहून कलकत्त्याला म्हणजे नागपूर स्टेशनवरूनच गेल्या असतील, लिहा ना, 'दुर्गाबाई नागपुरातून गेल्या', आपला संबंध येते. म्हटलं काका, कलकत्त्याची एक मेल अलाहाबादवरूनही जाते. ते म्हणाले, "जाऊ द्या ना ताई, कोणाले माहीत?" नाही लिहिलं.

नागपूरचा संबंध जोडायचाच तर सरळ आहे की. बाईंचा मुलगा हरीन, त्यांची पत्नी म्हणजे आपल्या नाट्यदिग्दर्शिका विजयाबाई, नंतरच्या विजया मेहता. हरीन फार लवकर गेले. आणि याच विजयाबाईंनी आपल्या नागपूरच्या महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ मध्ये उभं केलं. एलकुंचवार धरमपेठेच्या लायब्रऱ्यांना आणि आपल्या सगळ्यांना आपलेच. तीन माणसांत आपण दुर्गाबाईंपर्यंत पोचतो, रेल्वेची गरज नाही. हे मात्र काकांना एकदम पटलं.

८ डिसेंबर

फोटोचं काम. हे किचकट आहे, लिहून ठेवते म्हणजे पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शित झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे १९३२चा पिक्चर कधीचाच मोकळा, 'मुघल-ए-आझम'चा मूळ काळापांढरा २०२० संपल्यावर मोकळा, पण 'बॉबी' १९७३चा, 'बिदाई' १९७४चा, 'कर्ज' १९८०चा, हे हात लावायचे नाहीत. त्यामुळे बाईंनी 'बॉबी'त केलेल्या मिसेस ब्रॅगांझा आमच्या प्रदर्शनात शब्दातच येणार, फोटोत नाही. पुतणी नाराज, तिला 'बॉबी'चं पोस्टर हवं होतं. 'बिदाई'साठी बाईंना फिल्मफेअर मिळालं, सहायक अभिनेत्रीचं, सत्तरीला टेकल्यावर. तेही शब्दात.

आणि दुसरं म्हणजे साईज. पिक्चर थांबवून स्क्रीनचा फोटो काढला की मोबाइलवर छान दिसतो, तीन फूट उंच केला की तारामतीच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन. पुतणीने रात्रभर खटाटोप करून शेवटी उलटं केलं, चित्र लहानच ठेवलं, पोस्टकार्डाएवढं, आणि भोवती मोठं काळं सोडलं. माणूस आपोआप जवळ जाऊन वाकून बघतो. मोठ्या फोटोसमोर लोक सेल्फी काढतात आणि पुढे जातात, इथे थांबतील.

'प्रभात'च्या पॅनलवर एक ओळ वाढवली: २००३ मध्ये पुण्याला लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या, त्यात 'प्रभात'चा माल होता. नायट्रेटची फिल्म पेटली की पाण्याने विझत नाही, जळता जळता स्वतःच ऑक्सिजन सोडते. जे उरलंय ते कॉपीवरून कॉपी, म्हणून आमचे फोटो असे. कोणी विचारलं तर उत्तर तयार.

१५ डिसेंबर

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू. सिव्हिल लाइन्सकडे बॅरिकेड, झिरो माइलवरून वळसा, आणि शहरातला प्रत्येक फ्लेक्सवाला 'हार्दिक स्वागत'मध्ये बुडालेला. आपल्या डीटीपीवाल्या दादाकडे गेले तर त्याच्या स्क्रीनवर एका माणसाचे एकवीस पुढारी गोलात बसवणं चालू होतं, वर मोठे आणि खाली कार्यकर्ते, कोणाचा गोल कोणापेक्षा मोठा यावर फोनवर भांडण. मला म्हणाला, ताई, तुमचं एकच बाई ना? मग निवांत करू, अधिवेशन संपू द्या.

तरी बसून दोन पॅनल लावून घेतली. आपला मजकूर युनिकोडमध्ये, त्याचं जुनं सॉफ्टवेअर ते नीट घेत नाही, श्रीलिपी या त्याच्या जुन्या फाँटात बदलला की जोडाक्षरं फुटतात. 'दुसऱ्या'मधला र सुटून एकटाच उभा राहिला, 'पृथ्वीराज' भलतंच काहीतरी झाला, आणि 'स्त्री' तर दर वेळी तुटते. ओळ न् ओळ प्रूफ वाचावं लागेल. मॅडमना बसवलं, त्यांच्या डोळ्यातून सुटत नाही.

२२ डिसेंबर

महिला मंडळाचा निरोप, १४लाच हॉलमध्ये हळदीकुंकू पण करू, बाया आपोआप येतील, गर्दीची चिंता नको. कल्पना चांगली. मग एका मावशींनी हळूच बाजूला घेऊन म्हटलं, अगं पण त्या विधवा ना? त्यांच्या फोटोपुढे हळदीकुंकू?

मला काय बोलावं सुचेना, पण मॅडम बोलल्या. म्हणाल्या, मावशी, माझे हे गेले त्याला आता सहा वर्षं झाली, मी हॉलची लाइट लावायला असेन ना, मी कुठं उभी राहू? मावशी ओशाळल्या, म्हणाल्या तसं नव्हतं गं म्हणायचं. ठरलं असं की तिळगूळ आणि वाण येईल त्या प्रत्येक बाईला, कुंकवाची कोयरी टेबलावर ठेवायची, जिला लावायचं ती लावेल. वाणाला वही-पेन. काकांनी प्लास्टिकचे डबे सुचवले होते, रद्द.

५ जानेवारी

पॅनल आली. नऊ मस्त, दोन ठीक, आणि सहाव्याच्या कोपऱ्यात बुडबुडा. सहावं म्हणजे सासूचं पॅनल, अत्र्यांचा 'पायाची दासी' १९४१, गजानन जागीरदारांनी केलेला, त्यात सुनेला छळणारी सासू दुर्गाबाई, आणि १९४२ मध्ये विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. पस्तिशी-छत्तिशीतली बाई, कालपर्यंत सीता आणि मीरा, सरळ खाष्ट सासू आणि कैकेयी करायला उभी राहिली. इमेज वगैरे काही नाही. मला वाटतं लांब पल्ला गाठला तो इथे, कारण नायिका म्हणून अडून बसल्या असत्या तर चाळिशीत घरी बसल्या असत्या. बुडबुडा कैकेयीच्या बाजूलाच आलाय. राहू दे.

नाटकाचं पॅनल जरा घाईत उरकलंय हे मान्य. मुंबई मराठी साहित्य संघाचं 'भाऊबंदकी', त्यातली आनंदीबाई, आणि शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधली लेडी मॅक्बेथच्या जागी असलेली राणी, एवढं आलंय. १९५८चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार नाटकासाठीच होता, तोही आलाय. पद्मश्री १९६८, फाळके पुरस्कार १९८३, हे तळाला बारीक अक्षरात, कारण सन्मानचिन्हांची यादी वाचायला कोणी थांबत नाही.

टांगायची तालीम केली. सुतळी दिसते, तार गंजते, शेवटी मासे धरायची नायलॉनची दोरी महाल भागातल्या बाजारातून आणली. काका म्हणाले, नायलॉन मांजा नका वापरू, पोलीस पकडून नेतील. संक्रांतीच्या तोंडावर नागपुरात हा विनोद अर्धाच विनोद आहे.

१४ जानेवारी

सहाला उघडलं. सव्वासहापर्यंत आम्हीच. बाहेर गच्च्यांवरून 'ओऽऽ काट' चालूच, डीजे चालूच. अंधार पडला आणि लोक आले ते एकदम, बाया जास्त, मागोमाग पोरं, एकाच्या बोटाला मांज्याने कापलेलं म्हणून चिंधी.

काय चाललं, काय नाही, तेवढं लिहिते. पोस्टकार्डाएवढी तारामती चालली, लोक वाकून बघतात. साळुंके आणि खोटे यांची दोन नावं पाहून एक काका बायकोला सांगत होते, पाहा, आधी माणसं करायचे, तर बायको म्हणाली, मले वाचता येते. कोल्हापूर-कलकत्ता-पुणे नकाशापुढे कोणी फार थांबलं नाही, तो उगाच मोठा केला. एलकुंचवार-विजयाबाई-दुर्गाबाई ह्या साखळीपुढे मात्र नाटकवाले खिळले, एकाने तर आपण कोणत्या प्रयोगाला कुठे बसलो होतो तेच अर्धा तास सांगितलं.

गर्दी जमली ती दहाव्या पॅनलला, जिथे 'वागळे' आहे आणि वर १९५०च्या दशकापासूनचं फॅक्ट फिल्म्स आणि पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचं, माहितीपट, लघुपट, जाहिरातींचं काम. तिथे घरून कॅटरिंग चालवणाऱ्या आमच्या गल्लीतल्या वहिनी बराच वेळ उभ्या. मग मला विचारलं, यांनी हे पैसे कुठून उभे केले पहिल्यांदा, बँकेने दिले का? तेवढ्यात वाण कमी पडलं म्हणून हाक आली आणि बोलणं राहिलं. त्यांना आत्मचरित्र वाचायला देते, 'मी, दुर्गा खोटे', मॅडमनी त्यांचं कार्डही तिथेच करून टाकलं.

एक आजोबा सगळं बघून झाल्यावर म्हणाले, छान आहे, पण 'आई'चं काहीच नाही? जोधाबाईसमोर नेऊन उभं केलं. म्हणाले, ही नाही हो, ती, रडणारी. ती सुलोचना, आजोबा.

१९ जानेवारी

उतरवलं. दोऱ्या कापायला वेळ लागला, गाठी पुतणीने मारल्या होत्या.

बाकी राहिलेली कामं. सहावं पॅनल पुन्हा छापायचं, दादा म्हणतो अर्ध्या पैशात देतो. बाराव्यावर शेवटची तारीख २२ सप्टेंबर १९९१ आहे, त्याच्यावर कोणा पोराने तिळगुळाचा हात लावलाय, ओल्या फडक्याने पुसून पाहायचं. वर्ध्याच्या एका शाळेला फेब्रुवारीत हवंय, एसटीतून नेता येईल का ते बघायचं, नाही तर काकांच्या भाच्याची गाडी. शाळेसाठी नकाशाचं पॅनल गाळायचं आणि चाच्यांची राणी मोठी करायची, पोरांना तीच आवडेल.

पुढच्या वर्षी कमलाबाई गोखले करू असं मॅडम म्हणून राहिल्या. काका म्हणतात आधी या वेळचा हिशोब द्या.